ज्ञानकोशातली जाहिरात

एप्रिल-मे महिन्यात रत्नागिरीच्या आसपासच्या कुठल्याही वाडीत शिरा, अंगणात नाहीतर गच्चीवर रातांब्याच्या साली वाळत घातलेल्या दिसतात. बिया काढायच्या, साली मीठ घातलेल्या रसात भिजवायच्या, उन्हात टाकायच्या, पुन्हा रसात बुडवायच्या. काही उन्हे खाल्ली की आमसुले तयार. रसाचे आगळ होते, बियांचे कोकमतेल भेगाळलेल्या टाचांना लागते. या फळाबद्दल कोकणातल्या माणसाला बाहेरच्या कोणी काही शिकवावे अशी खरे तर वेळ येऊ नये.

पण आता या फळाची एक निराळीच ओळख मोबाइलवरून घरात येते. कोकम चरबी वितळवते, वजन उतरवते, साखर ताब्यात ठेवते. बाटलीवर रातांब्याचे चित्र आणि आत कॅप्सूल. असे कोणी दुकानाच्या फलकावर लिहिले तर आपण ते जाहिरात म्हणून वाचतो आणि त्यातला निम्मा भाग आपोआप वजा करतो. तेच वाक्य विकिपीडियासारख्या ज्ञानकोशात, संदर्भाचा छोटा आकडा डोक्यावर घेऊन आले, तर वजाबाकी होत नाही. आपण ते माहिती म्हणून वाचतो. कंपन्या, रुग्णालये, वैद्य, डॉक्टर आणि त्यांची प्रसिद्धी सांभाळणारी मंडळी ज्ञानकोशाच्या मागे का लागतात, याचे उत्तर एवढेच आहे.

कायद्याची बाजूही यात आहे. औषधे व चमत्कारी उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींबाबतचा १९५४ चा कायदा मधुमेह, कर्करोग, लठ्ठपणा अशा आजारांवर इलाजाचा दावा करणाऱ्या जाहिरातींना मनाई करतो. पण हा कायदा जाहिरातीकडे बघतो. ज्ञानकोशातल्या नोंदीतले एक वाक्य म्हणजे जाहिरात, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. ते वाक्य तिथून शोधयंत्राच्या उत्तरात जाते. अलीकडे प्रश्नांना उत्तरे देणारी जी यंत्रे आली आहेत, त्यांच्या शिदोरीतही विकिपीडियाचा मोठा वाटा असल्यामुळे तिथेही जाते. मग कोणीतरी तेच वाक्य घेऊन दवाखान्यात येतो आणि विचारतो, ‘डॉक्टर, गोळ्या बंद करून हे सुरू करू का?’

कोकमाचेच उदाहरण पुढे नेऊ, कारण त्यात विज्ञानही आहे आणि गोंधळही. कोकमाच्या सालीत हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल असते. शरीरात साखरेपासून चरबी तयार होण्याच्या वाटेवर एक विकर काम करते आणि हे आम्ल त्याला अडवते, असे प्रयोगशाळेत दिसले. तेवढ्यावर वजन उतरवण्याचा मोठा धंदा उभा राहिला. तो मुख्यतः उभा राहिला तो कोकमाच्या भावकीतल्या दुसऱ्या झाडावर. केरळात माशाच्या कालवणात ज्याची वाळलेली साल घालतात, ते गार्सिनिया कंबोजिया. आपले कोकम म्हणजे गार्सिनिया इंडिका. दोन्ही पश्चिम घाटातली, पण एकाचे संशोधन दुसऱ्याच्या बाटलीवर छापणे हे जाहिरातीत सर्रास चालते.

माणसांवर काय दिसले? १९९८ मध्ये ‘जामा’ या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात एक चाचणी प्रसिद्ध झाली. १३५ लठ्ठ व्यक्ती आणि १२ आठवडे. काहींना गार्सिनियाचा अर्क दिला, काहींना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. दोन्ही गटांच्या वजनातल्या घटीत लक्षणीय फरक निघाला नाही. पुढे २०११ मध्ये तोवर झालेल्या चाचण्या एकत्र करून तपासल्या गेल्या. सरासरी फरक आला तो एका किलोच्याही आतला आणि काटेकोर चाचण्या तेवढ्या वेगळ्या काढल्या तर तोही टिकला नाही. दुसरीकडे, असे अर्क घेतल्यावर यकृताला इजा झाल्याची प्रकरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. इथे लगेच सांगायला हवे की हे सारे दाट अर्काच्या कॅप्सूलबद्दल आहे. सोलकढी किंवा आमसुलाचे सार पिणाऱ्याने घाबरून जाण्याचे त्यात काही नाही.

आता समजा, मराठी विकिपीडियावर कोकमाच्या लेखात एका रात्री कोणी एक वाक्य घातले: ‘कोकम शरीरातील चरबी वितळवते व मधुमेह मुळापासून बरा करते.’ संदर्भ म्हणून एका विक्रेत्याच्या संकेतस्थळाचा पत्ता. पुढे काय होते?

विकिपीडियावर झालेला प्रत्येक बदल ‘अलीकडील बदल’ या यादीत दिसतो. त्या यादीवर काही सदस्य नजर ठेवून असतात. पगार नाही, हुद्दा नाही. रात्री जेवणानंतर अर्धा तास काढणारे लोक. त्यांतला एखादा तो बदल पाहतो, उलटवतो, म्हणजे लेख आधीच्या स्थितीला नेतो आणि लिहिणाऱ्याच्या चर्चा पानावर दोन ओळी ठेवतो. बहुतेक वेळा प्रकरण इथेच संपते. कारण बहुतेक लोक लबाड नसतात. त्यांना नियम ठाऊक नसतात आणि आपल्या गावच्या फळाबद्दल चांगले लिहिले यात गैर काय, असे त्यांना मनापासून वाटते.

पण लिहिणारा पुन्हा येतो, तेच वाक्य पुन्हा घालतो. पुन्हा उलटवले जाते. या ओढाताणीला तिथे संपादन-युद्ध म्हणतात आणि तिच्यासाठी इंग्रजी विकिपीडियावर एक ठोक नियम आहे: एकाच पानावर २४ तासांत कोणीही तीनपेक्षा जास्त वेळा दुसऱ्याचे लेखन उलटवायचे नाही. गंमत अशी की हा नियम बरोबर असणाऱ्यालाही लागू आहे. ‘मी खरे लिहीत होतो’ हा बचाव चालत नाही. आपल्या स्वभावाला हे जड जाते. पण एका रात्रीत चाळीस वेळा उलटसुलट झालेला लेख त्या रात्री वाचणाऱ्याच्या काय कामाचा?

मग दोघांनी जायचे लेखाच्या मागच्या अंगाला, चर्चा पानावर. मुद्दा तिथे मांडायचा. समोरचा म्हणतो, ‘संशोधन आहे.’ पहारेकरी विचारतो, ‘कोणते?’ तो उंदरांवरच्या प्रयोगाचा निबंध देतो. इथे वैद्यकीय लेखांसाठीचा खास नियम आडवा येतो. उपचाराबद्दलचा दावा करायचा असेल तर एकट्यादुकट्या प्रयोगाचा आधार पुरत नाही. परीक्षानळीतला किंवा उंदरावरचा तर नाहीच. अनेक चाचण्यांचा एकत्रित आढावा, मान्यवर संस्थांची मार्गदर्शक तत्त्वे, प्रस्थापित पाठ्यपुस्तके, असा आधार लागतो. वर्तमानपत्रातली बातमीही औषधाच्या गुणासाठी पुरेशी धरत नाहीत. म्हणजे तुम्ही वाचता आहात तो हा स्तंभही तिथे संदर्भ म्हणून चालायचा नाही. वाईट वाटते खरे, पण नियम योग्य आहे. उद्या या स्तंभात चूक झाली तर परवा ती ज्ञानकोशात जाऊन बसू नये.

पण पहारेकरीच नेहमी शहाणा असतो असेही नाही. आवेशात तो लेखातला ‘पारंपरिक उपयोग’ हा सगळा भागच उडवून टाकू शकतो. अंगावर पित्त उठले की आमसुलाचे पाणी लावतात, हे वाक्य औषधाची जाहिरात आहे काय? नाही. कोकणात असे करतात, ही वस्तुस्थिती आहे आणि लोकजीवनावरच्या एखाद्या चांगल्या पुस्तकाच्या आधाराने ती लिहिता येते. ‘लावतात’ आणि ‘बरे होते’ या दोन क्रियापदांतले अंतर सांभाळले की झाले. ज्ञानकोशातले निम्मे आरोग्यविषयक वाद मला तरी या एका अंतराचे वाटतात. प्रथा सांगायची असेल तर प्रथेचा आधार द्या, परिणाम सांगायचा असेल तर चाचणीचा.

सगळे वाद जाहिरातीचे नसतात, हेही लक्षात ठेवले पाहिजे. हापूस रत्नागिरीचा अस्सल की देवगडचा, या प्रश्नावर दोन सभ्य माणसे पूर्ण प्रामाणिकपणे रात्र जागवू शकतात. त्यात कोणी पैसे घेतलेले नसतात. तिथे दोन्ही बाजू कोण काय म्हणते ते सांगून लिहायच्या आणि जोडीला नोंदीतली गोष्ट द्यायची: २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, पालघर, ठाणे आणि रायगड अशा पट्ट्याला मिळून. मन कोणाचेच भरत नाही, पण लेख तरी स्थिर राहतो.

चर्चा पानावर दोघांचे जुळले नाही तर तिसऱ्याचे मत मागवता येते, मग जाहीर मतमागणी करता येते. ती साधारण महिनाभर खुली असते आणि वादाशी संबंध नसलेले सदस्य येऊन लिहितात. इथे मतदान होत नाही, ही गोष्ट नवख्यांना पटत नाही. वीस जणांनी येऊन ‘कोकम चरबी वितळवते’ म्हटले आणि दोघांनी चाचण्या पुढे ठेवल्या, तर वीस हरतात. म्हणूनच व्हॉट्सॲपच्या गटावर ‘सगळ्यांनी जाऊन लिहा’ असा निरोप फिरवून काही साधत नाही. झालेच तर पान कुलूपबंद होते.

या कुलपाची एक गोष्ट थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. इंग्रजी विकिपीडियावरच्या आयुर्वेदाच्या लेखात सुरुवातीलाच त्याच्या सिद्धांतांना आणि उपचारपद्धतीला छद्मविज्ञान म्हटले आहे. या शब्दावर तिथे वर्षानुवर्षे वाद चालला आहे आणि चर्चेची जुनी पाने थप्पीने साठली आहेत. आयुर्वेदिक औषध उत्पादकांच्या एका संघटनेने हा मजकूर बदनामीकारक असल्याची तक्रार घेऊन याचिका केली. ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यायालयाने ती ऐकायला नकार दिला आणि सांगितले, तुम्ही स्वतः लेख संपादित करू शकता.

सल्ला ऐकायला सोपा होता. पण तो लेख अशा कुलपात होता की ज्या सदस्याचे खाते किमान ३० दिवसांचे आहे आणि ज्याने किमान ५०० संपादने केली आहेत, त्यालाच तो उघडता येतो. ते कुलूप पडले तेही याच रस्सीखेचीमुळे. आणि खाते कितीही जुने असले तरी, औषध बनवणाऱ्यांच्या संघटनेने त्या औषधांच्या लेखात स्वतः हात घालणे म्हणजे हितसंबंधांचा संघर्ष. त्यांच्यासाठी दार वेगळे आहे. चर्चा पानावर ‘हे वाक्य असे बदलावे, आधार हा’ अशी विनंती ठेवायची, आपण कोण ते सांगायचे आणि निर्णय तटस्थ सदस्यांवर सोडायचा.

यात त्या संघटनेची बाजू अगदीच पोकळ होती असे मी म्हणणार नाही. हजारो वर्षांची परंपरा, शस्त्रक्रियेचा इतिहास, वनस्पतींचे ज्ञान, आजही घराघरात चालणारे उपचार, हे सगळे असलेल्या विषयाची ओळख पहिल्या परिच्छेदातच एका तुच्छ शब्दाने व्हावी, हे अनेक समंजस वाचकांनाही खटकते. त्यांत काही ॲलोपॅथीचे डॉक्टरही मी पाहिले आहेत. पण त्याच लेखात वाचकाच्या थेट जिवाशी संबंध असलेली माहितीही आहे. २००८ मध्ये ‘जामा’तच प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात इंटरनेटवरून विकली जाणारी १९३ आयुर्वेदिक औषधे तपासली गेली. सुमारे २१ टक्क्यांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले. त्यांत भारतात बनलेली होती तशी अमेरिकेत बनलेलीही होती. शिशाचा साठा अंगात झाला तर रक्तक्षय, पोटदुखी, मज्जासंस्थेचे विकार होतात, लहान मुलांच्या बुद्धीवर परिणाम होतो. शब्दाच्या भांडणात हे वाक्य कोणी हळूच उडवले तर तोटा विकिपीडियाचा होत नाही. तो होतो कुठूनशी पुडी मागवून रोज चाटण घेणाऱ्या माणसाचा.

उडवण्याचा हा प्रकार आयुर्वेदापुरता समजू नये. २००७ मध्ये कोणत्या संस्थेच्या संगणकावरून विकिपीडियात काय बदल झाले, हे शोधणारे एक साधन एका तरुण संगणकतज्ज्ञाने तयार केले. तेव्हा अनेकांची अडचण झाली. ॲस्ट्राझेनेका या बड्या औषध कंपनीच्या नावावर असलेल्या संगणकावरून तिच्याच एका मानसोपचारातील औषधाच्या लेखातला भाग काढलेला आढळला. ते औषध घेणाऱ्या किशोरवयीनांच्या मनात स्वतःला इजा करण्याचे विचार वाढू शकतात, अशा आशयाचा तो भाग होता. प्रचारकी संपादन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे स्तुतीने ओथंबलेला परिच्छेद येतो. तो ओळखायला सोपा असतो. घातक असते ते काढलेले वाक्य. जे पानावर नाही ते वाचकाला दिसणार कसे?

ते दिसते ‘इतिहास’ या कळीवर. विकिपीडियाच्या प्रत्येक लेखाला ती असते आणि वाचणाऱ्यांपैकी फारच थोडे ती दाबतात. कोणत्या खात्याने, किती वाजता, कोणता शब्द घातला आणि कोणता काढला, हे सारे पहिल्या दिवसापासून तिथे साठवलेले आहे. आपल्या मराठी कोशपरंपरेत विश्वासाची रीत वेगळी होती. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी १९२० च्या दशकात महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे तेवीस खंड काढले, ते संपादक म्हणून आपल्या नावावर. वाईच्या मराठी विश्वकोशात नोंदीखाली लेखकाचे नाव असते. चूक झाली तर कोणाला धरायचे ते ठाऊक असते. विकिपीडियात नाव नाही, पण माग आहे. मला दोन्हीची गरज वाटते. आजाराची शास्त्रीय ओळख मराठीत हवी असेल तर विश्वकोशाची नोंद आधी पाहावी, ती आता इंटरनेटवर मोफत वाचता येते. कालपरवा बदललेली गोष्ट विकिपीडियावर लवकर सापडते, तिचा माग मात्र आपण काढायचा.

इंग्रजी विकिपीडियावर पहारा मोठा आहे, तशी चोरीही मोठी आहे. २०१५ मध्ये तिथे ३८१ खाती एकदम बंद करण्यात आली. ती सगळी एकमेकांशी जोडलेली, खोटी होती आणि त्यांनी लिहिलेले २१० लेख काढून टाकावे लागले. त्यांची पद्धत खंडणीखोराची होती. एखाद्या छोट्या व्यावसायिकाचा किंवा कलाकाराचा लेख नाकारला गेला की हे लोक त्याला गाठत, आम्ही तो प्रसिद्ध करून देतो म्हणत, पैसे घेत आणि पुढे तो ‘सुरक्षित’ ठेवण्यासाठी पुन्हा मागत. त्याच वर्षी एक भारतीय प्रकरणही निकाली निघाले. पानपानभर जाहिराती देणाऱ्या आयआयपीएम या व्यवस्थापन संस्थेविषयीच्या लेखांत एक सदस्य अनेक वर्षे संस्थेच्या बाजूने फेरफार करत असल्याचा ठपका विकिपीडियाच्या लवाद समितीने ठेवला आणि त्याला बाहेर काढले. हा सदस्य साधासुधा नव्हता, प्रचालक होता. म्हणजे पाने कुलूपबंद करण्याचा आणि इतरांना अडवण्याचा अधिकार असलेला. त्या खात्यामागे कोण व्यक्ती होती हे उघडपणे सिद्ध झाले नाही. ज्या विद्यार्थ्यांनी तो लेख वाचून लाखो रुपये शुल्क भरले असेल, त्यांचे काय झाले याचा हिशेब कोणीच ठेवलेला नाही.

पैसे घेऊन लिहिण्यास तिथे सरसकट बंदी नाही, हे वाचून काहींना आश्चर्य वाटेल. जून २०१४ पासून नियम असा आहे की मोबदला घेऊन लिहिणाऱ्याने तसे जाहीर करायचे: कोणासाठी लिहितो, कोण पैसे देते. रुग्णालयाच्या जनसंपर्क अधिकाऱ्याने हे जाहीर करून चर्चा पानावर दुरुस्ती सुचवली तर तो गुन्हेगार ठरत नाही. खाटांची संख्या चुकली असेल तर ती त्याच्याइतकी कोणाला माहीत? लपवणे हा दोष आहे.

मराठीत दुखणे वेगळे आहे. मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला, महाराष्ट्र दिनी सुरू झाला. लेख एक लाखाच्या आसपास गेले आहेत, पण नियमित लिहिणारे आणि त्याहून म्हणजे पहारा देणारे थोडे. प्रचालक हाताच्या बोटांवर मोजावेत इतके. प्रत्येक भाषेची आवृत्ती आपले नियम आपण ठरवते आणि इंग्रजीतल्या वैद्यकीय नियमांइतका तपशील मराठीत नाही. त्यामुळे इंग्रजीत काही मिनिटांत उडणारे वाक्य मराठीत काही महिने राहू शकते. पुन्हा आपली भाषाच याबाबतीत भाबडी आहे. गौरवग्रंथ आणि चौकातले वाढदिवसाचे फलक वाचून वाढलेल्या आपल्या कानांना ‘सुप्रसिद्ध’, ‘अग्रगण्य’, ‘रुग्णांच्या मनात अढळ स्थान मिळवलेले’ हे शब्द खटकतच नाहीत. डॉक्टरच्या चरित्रलेखात तो कुठे शिकला, काय शोधले, काय लिहिले, कोणत्या साथीत काय काम केले, एवढे हवे. विशेषणे काढून टाकल्यावर काहीच उरत नसेल, तर तो लेख ज्ञानकोशात नको.

यावर एक उपाय सर्रास सुचवला जातो: पोलिसात जा, कोर्टात जा. महाराष्ट्रात २०२५ च्या फेब्रुवारीत छत्रपती संभाजी महाराजांविषयीच्या इंग्रजी मजकुरावरून हेच झाले. महाराष्ट्र सायबर विभागाने विकिपीडियाला मजकूर काढण्यास सांगितले आणि काही संपादकांवर गुन्हाही दाखल केला. बदनामी झाली असेल तर न्यायालयाचा मार्ग प्रत्येकाला मोकळा आहेच. त्याच वर्षी ९ मे रोजी, एका वृत्तसंस्थेने केलेल्या दाव्याविषयीचे विकिपीडियावरचे पान काढून टाकण्याचा दिल्ली उच्च न्यायालयाचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. हे वाद आरोग्याचे नाहीत, म्हणून त्यांत शिरत नाही. मला काळजी वेगळीच वाटते. औषधाच्या लेखातला धोक्याचा इशारा राखून ठेवणारा सदस्य हा एखादा शिक्षक, निवृत्त बँक कर्मचारी, वैद्यकीय महाविद्यालयातली मुलगी असा कोणीतरी असतो. मोठ्या उत्पादकाच्या वकिलाची नोटीस आली तर तो काय करील? तो गप्प बसेल आणि इशारा निघून जाईल. आपल्याला कळणारही नाही.

आपल्या हातात काय आहे, तेही पाहू. औषध, पूरक आहार, रुग्णालय, उपचारपद्धती यांवरचा लेख वाचताना तीन मिनिटे जास्त द्या. आधी संदर्भाच्या आकड्यावर बोट ठेवा. तो दुकानाच्या संकेतस्थळाकडे नेतो की वैद्यकीय नियतकालिकाकडे? मग दुष्परिणामांचा भाग शोधा. प्रत्येक परिणामकारक औषधाला दुष्परिणाम असतात. ज्या लेखात ते औषधालाही सापडत नाहीत, तो लेख कोणीतरी झाडून घेतलेला असण्याची शक्यता आहे. ‘इतिहास’ उघडा. मोबाइलवर शेवटचा बदल कधी झाला ते लेखाच्या तळाशी दिसते. एकाच खात्याने फक्त याच एका लेखात वीस वेळा हात घातला असेल आणि त्या खात्याचे नाव उत्पादनाच्या नावाशी जुळत असेल, तर पुढे सांगायला नको. आणि चर्चा पान वाचा. लेखात गुळगुळीत झालेले मतभेद तिथे कच्चे पडलेले असतात. कधीकधी लेखापेक्षा तेच जास्त शिकवते.

डॉक्टर, वैद्य, औषधनिर्माणशास्त्राचे शिक्षक, परिचारिका यांना आणखी एक करता येईल. २७ फेब्रुवारीच्या सुमारास महाविद्यालयांतून विकिपीडियावर लिहिण्याच्या कार्यशाळा होतात. त्यांत साहित्यिकांची चरित्रे भरपूर लिहिली जातात. पण लेप्टोस्पायरोसिस, विंचूदंश, सर्पदंश हे कोकणातल्या पावसाळ्याचे रोजचे विषय आहेत. विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी जगापुढे मांडला, तो याच पट्ट्यातल्या रुग्णांवर काम करून. अशा विषयांवर आधारासह लिहिलेले चार परिच्छेद मराठीत उभे राहिले, तर त्या जागी जाहिरातीला शिरायला फट कमी उरते. रिकामा लेख हीच जाहिरातीची सगळ्यात सोपी जागा असते.

आणि चुकीचे वाक्य दिसले तर? खोडण्याची घाई करू नका, विशेषतः खाते नवीन असेल तर. लेखाच्या चर्चा पानावर जा. कोणते वाक्य, का चूक, कोणत्या पुस्तकाच्या किंवा नियतकालिकाच्या कोणत्या पानाच्या आधारे, हे लिहा. आपला त्या विषयाशी आर्थिक संबंध असेल तर तोही लिहा. सही करा, म्हणजे चार वेळा टिल्ड हे चिन्ह उमटवा. खात्याचे नाव आणि वेळ आपोआप येते. आठवडाभर कोणी उत्तर दिले नाही तर मराठी विकिपीडियाच्या ‘चावडी’ या पानावर त्याचा दुवा ठेवा. तिथे कोणी ना कोणी असतेच.